गुळाच्या नकाशातला मोठा ठिपका

माझा नकाशा पुष्कळांनी पाहिला, पण नकाशा म्हणून तो कुणीच पाहिला नाही. प्रत्येकानं आधी त्यात स्वतःला शोधलं. ग्रूप फोटो हातात पडला की माणूस करतो तेच. "ह्यात मी कुठाय?" आणि सापडला की, "एवढासाच?"

मी गारगोटीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. राहते कोल्हापुरात, रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. पीएच.डी.साठी मी विषय घेतला तो गुळावर आजवर आपल्या भागात जे संशोधन झालं, त्याचा नकाशा काढण्याचा. गूळ कसा करावा हे मला सांगायचं नव्हतं. गुळावर लिहिणारी माणसं एकमेकांचं काय वाचतात, ते बघायचं होतं. रीत सोपी आहे. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते. एका निबंधानं दुसऱ्याचा संदर्भ दिला की दोघांमध्ये रेघ. ज्याचे संदर्भ जास्त, त्याचा ठिपका मोठा. जे निबंध नेहमी जोडीनं सांगितले जातात त्यांना कॉम्प्युटर शेजारी-शेजारी बसवतो. असं सगळं मांडलं की त्या विषयाचं रूप डोळ्यांसमोर येतं. कुठं गर्दी आहे, कुठं कुणी फिरकलेलंच नाही, कोण कुणाचं नावही काढत नाही, हे एका कागदावर दिसतं. मला हे ऐकल्यापासून त्याचं वेड लागलं होतं. आमच्या गुळाचं असं काहीतरी व्हावं असं मनापासून वाटलं, आणि त्या वाटण्यानं माझी पुढची वर्षं खाल्ली.

मोठ्या परदेशी डेटाबेसमध्ये आपला गूळ जवळजवळ नाहीच. म्हणून मी ग्रंथालयांमधून फिरून, जुने प्रबंध आणि परिषदांच्या स्मरणिका उघडून, एकेक संदर्भ हातानं टाइप केला. त्यात एकाच प्राध्यापकाचं नाव कुणी आडनावापासून लिहिलेलं, कुणी आद्याक्षरांनी, कुणी नुसतंच 'सर'. कॉम्प्युटर बिचारा एका माणसाची चार माणसं करून ठेवायचा आणि मी त्यांची परत एक मोट बांधत बसायची. नवरा जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप सरकवत म्हणायचा, "तुझं ते मुंग्यांचं चित्र झालं का? ताट ठेवायचंय."

माझा विषय दोन शाखांमध्ये पडणारा, म्हणून मला मार्गदर्शक मिळाले रसायनशास्त्राचे. त्यांना इथं 'सर' म्हणते. सरांचा स्वतःचा प्रबंध गुळावरच होता. रसाला उकळी आली की वर मळी येते, ती काढायला भेंडीच्या रोपाचा चिकट रस घालतात. सरांनी त्या भेंडीवर काम केलेलं. आणि सरांचे जे गुरू, ज्यांना सगळा विभाग 'मोठे सर' म्हणतो, त्यांचा त्या भेंडीवरचा एक निबंध फार गाजलेला. नुसत्या भेंडीनं, रंग उजळायची कसलीही रासायनिक पावडर न घालता, गुळाला सोन्यासारखा रंग येतो असं त्यांनी दाखवलं होतं.

नकाशा पहिल्यांदा पूर्ण उमटला तेव्हा मधोमध त्याच निबंधाचा ठिपका होता. बाकीचे त्याच्यापुढं मोहरीएवढे. मी सरांना दाखवला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! मी काय म्हणत होतो? सगळा गूळ आमच्या मोठ्या सरांभोवती फिरतोय की! आता माझा ठिपका कुठाय दाखवा."

मी दाखवला. "जरा बारीक वाटतोय," सर म्हणाले. "मोठा न्हाई करता येत?"

आमच्याकडं एक पद्धत आहे. गुळावर कुणीही काहीही लिहिलं, अगदी गुळाच्या पॅकिंगवर लिहिलं, तरी पहिला संदर्भ मोठ्या सरांच्या त्या निबंधाचा. मी त्याला मनात 'मानाचा संदर्भ' म्हणायला लागले. लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव वर छापतात तसा. त्यात वाईट काय, असं मलाही सुरुवातीला वाटलं. पण ग्रंथपालाच्या स्वभावाला औषध नाही. जो ठिपका मी नकाशाच्या मध्यभागी बसवतेय तो निबंध मी एकदा तरी हातात घेऊन वाचावा, एवढीच माझी इच्छा होती.

तो कुणाकडंच नव्हता. सर म्हणाले, "हाय की. कपाटात असंल." कपाटात नव्हता. मुरगूडच्या एका प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी तर त्या निबंधावर आपलं अख्खं एक प्रकरण उभं केलेलं. ते म्हणाले, "झेरॉक्स होती मॅडम, पुरात गेली." आमच्याकडं न सापडणारी प्रत्येक गोष्ट पुरातच गेलेली असते. ज्यांची घरं टेकडीवर आहेत त्यांचीही. चौथ्या-पाचव्या माणसानं "तुम्हाला कशाला पायजे वो तो?" असं विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या निबंधाच्या खांद्यावर उभं राहून पदव्या मिळाल्या, तो निबंध कशाला पाहिजे, असं मलाच विचारतात!

मग मी उलटं जायचं ठरवलं. सगळ्यांत जुन्या प्रबंधापासून तो संदर्भ ओळीनं तपासत आले. सर्वांत आधी तो दिसला तो आमच्या सरांच्याच प्रबंधात, आणि तिथं पुढं लिहिलं होतं, 'प्रकाशनाधीन'. म्हणजे छापून यायचाय. नंतरच्या विद्यार्थ्यानं 'प्रकाशनाधीन' काढून साल घातलं. त्याच्या पुढच्यानं अंक घातला. आणि त्याच्याही पुढच्या कुणीतरी, सूची अर्धवट दिसू नये म्हणून की काय, पृष्ठक्रमांकसुद्धा घातले. मी त्या सालची, त्या नियतकालिकाची फाईल काढून बघितली. त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा तरी सोयाबीनवरचा लेख होता. मी तिथंच, वाचनकक्षात, कपाळाला हात लावून बसले.

शेवटी मी मोठ्या सरांकडंच गेले. राजारामपुरीतल्या एका गल्लीत ते आणि त्यांच्या पत्नी दोघंच राहतात. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. मी नकाशा त्यांच्यापुढं पसरला आणि विचारलं, "सर, हा निबंध कुठं मिळेल?"

"त्यो छापलाच न्हाई कधी," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या हंगामात ते नेसरीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर नमुने घ्यायला गेले होते. नुसती भेंडी घालून काढलेला गूळ इतका देखणा निघाला की त्यांचा स्वतःचा विश्वास बसेना. निबंध लिहून छापायला पाठवला. आमचे सर तेव्हा त्यांचे विद्यार्थी, त्यांनी लगेच आपल्या प्रबंधात तो घातला आणि प्रबंध देऊनही टाकला. पुढच्या हंगामात मोठे सर त्याच गुऱ्हाळावर पुन्हा गेले. तिथला गुळव्या, म्हणजे काहिलीपाशी, त्या मोठ्या कढईपाशी, उभा राहून रस आटवणारा माणूस, मोठ्या कौतुकानं त्यांना म्हणाला, "सायेब, गेल्या साली रंग कसा झ्याक आलता न्हवं? कॉलेजातलं पावणं येणार म्हणून मी जरा चिमूटभर पावडर टाकलीती. पावण्यांनी काळा गूळ न्यायचा व्हय?"

पाहुण्यासाठी केलेलं ते. फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं. घरी माणूस आला की आपण पोह्यावर जरा जास्त खोबरं घालतो, तसंच.

"मी त्या दिवशी तिथनंच मागं आलो," मोठे सर म्हणाले. "निबंध परत घेतला. आन् दुसरा लिहिला, माझी चूक कशी झाली ते सांगणारा. एका परिषदेच्या स्मरणिकेत छापलाय. तुझ्या ह्यात हाय का बघ."

होता. मी तोही टाइप केलेला होता, कारण मी सगळंच टाइप केलेलं होतं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, टोचलेल्या टाचणीएवढा ठिपका. त्याच्याकडं एकही रेघ जात नव्हती.

"मी सगळ्यांना सांगितलं की," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला. "प्रत्येकाला सांगितलं, बाबांनो, त्यो संदर्भ काढा, ह्यो घाला. तर म्हणत्यात, 'सर, तुमची चूक आम्ही कशी सांगायची?' आदर म्हणं! मी माझ्या तोंडानं सांगतोय चुकलो, तर ह्यांचं आपलं एकच, न्हाई, सर चुकत न्हाईत. आन् तिकडं पोरं नुसती भेंडी घालून गूळ काढत्यात, रंग येत न्हाई, की रंग का येत न्हाई त्यावर आणिक एक प्रबंध!"

हे खरं होतं. माझ्या नकाशात मोठ्या ठिपक्याच्या डाव्या अंगाला एक दाट पुंजका होता आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. आता कळलं. कुणी म्हणे मातीमुळं रंग येत नाही, कुणी म्हणे पाण्यामुळं, कुणी म्हणे उसाच्या वाणामुळं. एका चिमूट पावडरीचं उत्तर शोधायला आमच्या जिल्ह्यातली हुशार माणसं पिढ्यान्‌पिढ्या खपत होती, आणि उत्तर छापून तयार होतं, त्याच नकाशाच्या कोपऱ्यात. मला इतका राग आला की चहा तसाच राहिला.

निघताना त्यांनी कोपऱ्यातल्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मी हाय तवर ह्याच्याकडं एक तरी रेघ जाऊ दे, पोरी."

मी हो म्हटलं. प्रबंधात त्यावर एक वेगळं प्रकरण केलं, नाव साधंच ठेवलं आणि त्यात सगळं सरळ लिहिलं. मोठा निबंध अस्तित्वात नाही, त्याची दुरुस्ती अस्तित्वात आहे, ती वाचा. नकाशात तो एकटा ठिपका ठेवला. खरं तर हे सॉफ्टवेअर असे ठिपके आपणहून गाळतं. किमान इतके संदर्भ असतील तरच दाखव, अशी त्यात सोय असते. मी ती सोय सुरुवातीपासूनच बंद ठेवली होती.

सरांनी नकाशा पाहिला आणि पहिल्यांदा त्यांची नजर कोपऱ्याकडं गेली.

"हे काय? ह्याला रेघच न्हाई. काढून टाका, शोभा जाती नकाशाची."

मी म्हटलं, "सर, हा मोठ्या सरांचाच आहे. त्यांनीच—"

"मला ठाऊक हाय कुणाचा हाय त्यो," सर म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "मॅडम, असं बघा. तुम्ही ग्रंथालयवाल्या. ठिपके मोजा, रेघा मोजा. कोण बरोबर, कोण चूक, हे तुमचं काम न्हवं. उद्या बाहेरचे परीक्षक बघतील, म्हणतील ह्यांच्या गुरूंनाच गूळ कळत न्हवता. मोठ्या सरांचं वय काय, त्यांची इभ्रत काय. तो निबंध छापला न्हाई वगैरे लिहायची काय गरज हाय?"

इभ्रत मोठ्या सरांची की सरांच्या स्वतःच्या प्रबंधाची, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं अजूनही वाटतं. मी एवढंच म्हटलं की मी तो ठिपका काढणार नाही. सर म्हणाले, मग सही होणार नाही. माझ्या नोंदणीची मुदतवाढ संपत आली होती. सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही, आणि मुदत गेली की सगळं मुळापासून. मी दर आठवड्याला विभागात जायची आणि सर दर आठवड्याला "बघू की" म्हणायचे. एसटीत बसून मी स्वतःशीच भांडायची. शेजारच्या बाईनं एकदा विचारलंसुद्धा, "बरं न्हाई व्हय वो?"

त्याच सुमारास मोठ्या सरांच्या सत्काराचा घाट घातला गेला. सगळे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी, फेटे, शाल, श्रीफळ. सरांनी विभागातल्या कॉम्प्युटरवरून माझा नकाशा उचलला आणि त्याचा भला मोठा फ्लेक्स करून व्यासपीठामागं लावला. मी सभागृहात शिरले आणि पहिल्यांदा खालचा कोपरा बघितला. तो कापलेला होता. तिथं सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो होते.

भाषणं झाली. प्रत्येकानं फ्लेक्सकडं हात करून तो मोठा ठिपका दाखवला. शेवटी मोठे सर माइकसमोर उभे राहिले. त्यांनी मान वळवून फ्लेक्स बघितला, चांगला निरखून बघितला.

"ती माझी चूक हाय," ते माइकमध्ये म्हणाले. "एवढी मोठी करून लावलीसा?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक भारावून म्हणाला, "बघा मंडळी, केवढा हा विनय!" मोठ्या सरांनी पुन्हा तोंड उघडलं, पण तेवढ्यात आभारप्रदर्शनाला सुरुवात झाली होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडं बघायला लागला.

जेवणाच्या वेळी मी प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती घेऊन सरांसमोर उभी राहिले. मुदत जवळ आल्यामुळं त्या मी पिशवीत घेऊनच हिंडत होते. नकाशा जसाच्या तसा, प्रकरण जसंच्या तसं. भांडायची तयारी करूनच गेले होते. सर खुशीत होते. फेटा बाजूला काढून ठेवलेला, आजूबाजूला माणसं अभिनंदन करतायत.

"व्हय व्हय, द्या की," ते म्हणाले. "फ्लेक्सला नकाशा लई शोभला बघा." त्यांनी पहिली प्रत उघडली, ऋणनिर्देशाचं पान काढलं, त्यावरून बोट फिरवलं. "माझं नाव पहिलं हाय न्हवं?"

"आहे सर."

त्यांनी बाकीचं एक पानही उलटलं नाही. सगळ्या प्रतींवर सह्या केल्या आणि जिलेबी आणायला उठले. मला हायसं वाटायला हवं होतं. मला शरम वाटली, आणि कुणाची ते कळेना. न वाचता संदर्भ देणाऱ्यांवर मी अख्खा प्रबंध लिहिला होता, आणि तो न वाचता पास होणार होता. तसा तो झालाही. परीक्षकांनी नकाशाच्या रंगांचं कौतुक केलं.

मोठ्या सरांना मी एक प्रत नेऊन दिली. त्यांनी ते प्रकरण माझ्यासमोर पूर्ण वाचलं, माझ्या माहितीप्रमाणे ते वाचणारे ते पहिले आणि एकटेच. "एक रेघ आली," ते म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. मलाही.

पुढं काही महिन्यांनी सरांच्याच एका नव्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा मसुदा माझ्या पाहण्यात आला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मोठ्या सरांचा भेंडीवरचा निबंध हा या क्षेत्राचा पाया आहे, हे आता नकाशाद्वारे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं आहे. पुढं संदर्भ, माझा. माझं नाव, माझं साल, माझे पृष्ठक्रमांक. बरोबर ती पानं, ज्यांवर मी तो निबंध नाहीच असं लिहिलं होतं.

मी तशीच मोठ्या सरांकडं गेले आणि तिथूनच त्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम! बघितलासा न्हवं?" तो आनंदानं म्हणाला. "पहिल्याच पानावर घातलंय तुमचं नाव!"

मी त्याला सांगितलं की माझ्या प्रबंधात नेमकं उलटं लिहिलंय. तो निबंध कधी छापलाच गेला नाही. मग तो हळूच, दुखावल्यासारखा म्हणाला, "म्हणजे मॅडम, काढू का तुमचं नाव?"

"अहो, माझं नाव काय करायचंय? चूक काढा!"

"चूक मोठ्या सरांची म्हणताय मॅडम. ती मी कशी काढू?"

मोठ्या सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. आपण कोण ते सांगितलं. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "बाळ, ती चूक माझी हाय. मी सांगतोय, काढ. खाली मॅडमनी दुसरा निबंध दिलाय, त्यो घाल."

"सर! नमस्कार सर! माझं भाग्य, सर!" तो जवळजवळ ओरडलाच. "आशीर्वाद असू द्या, सर!"

"आशीर्वाद हाय," मोठे सर म्हणाले. "पण काढ."

"व्हय सर. नक्की सर."

त्या प्रबंधाचं आता पुस्तक झालंय. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात भेट म्हणून आलं. मी आधी पहिलं पान उघडलं. ते वाक्य होतं तसंच आहे, माझ्या नावासकट. दुसरा निबंध कुठंही नाही. ऋणनिर्देशात मात्र एक नवी ओळ आली आहे, 'खुद्द मोठ्या सरांनी स्वतः फोन करून आशीर्वाद दिले.' मी ग्रंथपाल आहे. आलेलं पुस्तक मला फेकून देता येत नाही. मी त्यावर शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि माझ्याच हातानं ते गुळाच्या कपाटात लावलं.

मोठे सर अधूनमधून फोन करून विचारतात, "काढलं का गं त्यानं?" मी सांगते, "अजून छापून आलं नाही, सर."